‘ग्रीक लाइफ’वाल्या खासगी कॉलेजची निवड : काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

दर वर्षी ऑक्टोबर उजाडला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. अर्ली डिसिजनचा (म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, अशा बांधील अर्जाचा) फॉर्म भरायला घेतलाय, कॉलेज सुंदर आहे, रँकिंग चांगलं आहे, "फक्त तिथे फ्रॅटर्निटी जरा जास्त आहेत म्हणे, त्याचं काय करायचं?" (फ्रॅटर्निटी म्हणजे ग्रीक अक्षरांची नावं असलेले मुलग्यांचे निवडक सदस्यांचे क्लब, सोरोरिटी म्हणजे मुलींचे. दोन्ही मिळून ‘ग्रीक लाइफ’.) प्रश्न रास्त आहे, पण तो जूनमध्ये विचारायला हवा होता. ऑक्टोबरात तो विचारणारे पालक उत्तर शोधत नसतात, धीर शोधत असतात.

न्यू जर्सीत राहून मी स्वतःच्या दोन मुलांची आणि पुण्याहून आलेल्या एका पुतण्याची कॉलेज-निवड पाहिली आहे. पहिल्या खेपेला मीही क्रम चुकवला. म्हणून हा लेख फक्त क्रमाबद्दल आहे. विषय अमेरिकेतल्या लहान-मध्यम खासगी कॉलेजांचा : व्हर्जिनियातलं वॉशिंग्टन अँड ली, इंडियानातलं डीपॉ, न्यू हॅम्पशायरमधलं डार्टमथ, नॉर्थ कॅरोलायनातलं वेक फॉरेस्ट, न्यूयॉर्क राज्यातलं कोलगेट, पेनसिल्व्हेनियातलं बकनेल आणि त्यांच्या जातकुळीतली इतर. वातावरण ‘प्रेपी’, म्हणजे महागड्या खासगी शाळांमधून आलेल्या मुलांच्या वळणाचं. आणि शनिवारची रात्र कुठे जाणार हे बहुतांशी फ्रॅटर्निटी ठरवणार.

टप्पा १ : आधी शब्द नीट लावून घ्या

दारावर ग्रीक अक्षरं दिसली म्हणजे सगळं एकच, असं समजणं ही पहिली चूक. फाय बीटा कॅपा ही गुणवत्तेवर मिळणारी मानाची सभासदी आहे, तिचा पार्टीशी संबंध नाही. अल्फा कॅपा साय किंवा डेल्टा सिग्मा पाय या धंदा-व्यापाराकडे कल असलेल्या विद्यार्थ्यांच्या व्यावसायिक संघटना आहेत, त्यांत मुलगे-मुली दोघंही असतात. आपल्याकडच्या मुलांनी काढलेल्या दक्षिण आशियाई फ्रॅटर्निटी-सोरोरिटीही आहेत, पण त्या मुख्यतः मोठ्या विद्यापीठांत. दोन हजार मुलांच्या कॉलेजात त्या सापडतील अशी आशा धरू नका.

आपला प्रश्न उरतो तो ‘सोशल’ फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटींचा. त्यांची भरती म्हणजे ‘रश’, निवड झाल्याचं निमंत्रण म्हणजे ‘बिड’, नव्या सदस्याच्या उमेदवारीचे आठवडे म्हणजे ‘प्लेजिंग’, आणि त्या काळात होणारा छळ म्हणजे ‘हेझिंग’.

हेझिंगला आपण पटकन ‘रॅगिंग’ म्हणून मोकळे होतो. पण रॅगिंग होस्टेलात पाऊल टाकलेल्या कुणाच्याही वाट्याला येऊ शकतं. हेझिंग होतं ते ज्याला आत जायचंच आहे त्याचं. त्यामुळे मुलगा घरी तक्रार करत नाही. त्याला ती बिड हवी असते.

टप्पा २ : यादी करण्याआधी घरात एक तास बसा

मुलाला किंवा मुलीला एकटं घेऊन बसा, आजी-आजोबा आणि धाकटी भावंडं आसपास नकोत. तीन गोष्टी विचारा. तुला सदस्य व्हायचंय का? व्हायचं असून बिड मिळाली नाही, तर याच कॉलेजात चार वर्षं काढशील का? आणि व्हायचंच नसेल, तर बाकीचे सगळे तिकडे गेल्यावर तू काय करशील?

दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक मुलं गप्प होतात. बारावीपर्यंत वर्गात पहिल्या पाचात असलेल्या मुलाला, एकवीस वर्षांची चार पोरं आपल्याला ‘नको’ म्हणू शकतात ही कल्पनाच नसते. बिड नाकारली जाते, कारण कुणी सांगत नाही, आणि त्यावर अपीलही नसतं.

इशारा : "जा तिथे, पण फ्रॅटर्निटीच्या वाटेला जायचं नाही" अशी अट घालून, ७० टक्के विद्यार्थी सदस्य असलेल्या कॉलेजात मूल पाठवू नका. अट पाळली तर ते एकटं पडेल, मोडली तर तुम्हाला कळणार नाही. अट एवढी महत्त्वाची असेल तर कॉलेज बदला. प्रेपी वळण हवं आणि फ्रॅटर्निटी नको, अशांसाठी विल्यम्स, बोडिन, कोल्बी, मिडलबरी आहेत. या कॉलेजांनी फ्रॅटर्निटी केव्हाच बंद केल्या.

टप्पा ३ : टक्केवारी वाचा, पण योग्य रकान्यातून

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबतो.

बहुतेक कॉलेजं दर वर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं एकाच साच्यातलं माहितीपत्रक काढतात. कॉलेजचं नाव आणि हे शब्द टाकून शोधलं की पीडीएफ मिळते. त्यात ‘एफ१’ हा भाग उघडा. फ्रॅटर्निटीत जाणाऱ्या मुलग्यांची आणि सोरोरिटीत जाणाऱ्या मुलींची टक्केवारी वेगवेगळी दिलेली असते, आणि समोर दोन रकाने असतात : एक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा, दुसरा सगळ्या पदवी विद्यार्थ्यांचा.

लोक पहिला रकाना वाचतात, तिथे शून्य किंवा जेमतेम आकडा दिसतो आणि जीव भांड्यात पडतो. प्रत्यक्षात, आकडे गोळा होतात शरद ऋतूत आणि यातल्या बऱ्याच कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या मुलांना तोवर सदस्य होताच येत नाही. म्हणून तिथे शून्य असतं.

दुसरा रकानाही जसाच्या तसा घेऊ नका. समजा कॉलेजात ८०० मुलगे आहेत आणि दुसऱ्या रकान्यात ३६ टक्के लिहिलंय, म्हणजे २८८ सदस्य. पण त्या ८०० पैकी पहिल्या वर्षाचे २०० अजून पात्रच नाहीत. उरलेल्या ६०० मध्ये २८८, म्हणजे ४८ टक्के. कागदावर ‘तीनातला एक’ दिसणारं कॉलेज दुसऱ्या वर्षापासून ‘दोनातला एक’ होतं. डार्टमथबद्दल लोक साठ टक्क्यांच्या वरचा आकडा सांगतात, तो असा पात्र विद्यार्थ्यांचाच असतो. त्यामुळे दोन कॉलेजांची तुलना करताना भागाकार सारखाच केला आहे ना, ते पाहा.

माझा ढोबळ मापदंड, अनुभवावरून आलेला : पात्र विद्यार्थ्यांत २० टक्क्यांच्या खाली असेल तर ग्रीक लाइफ हा अनेक छंदांपैकी एक छंद. ३० ते ५० मध्ये ते कॉलेजचं हवामान. ६० च्या वर गेलं, जसं वॉशिंग्टन अँड लीमध्ये दहातले सातेक जण, तिथे सदस्य नसणं हीच वेगळी ओळख बनते.

तपासा : मुलग्यांचा आणि मुलींचा आकडा वेगळा लिहून घेतलात का? एकाच कॉलेजात दोन्हींत मोठा फरक असू शकतो, आणि तुमच्या घरातून एकच जण जाणार आहे.

टप्पा ४ : रश कधी असतो, ते कॅलेंडरमध्ये लिहा

दोन प्रकार लक्षात ठेवा. काही कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला भरती होते. वॉशिंग्टन अँड ली, वेक फॉरेस्ट, नॅशव्हिल शहरातलं व्हँडरबिल्ट, डीपॉ ही या गटातली. काही ठिकाणी दुसरं वर्ष लागल्याशिवाय दार उघडत नाही. डार्टमथ, कोलगेट, बकनेल या गटात येतात. नियम बदलत असतात, म्हणून त्या-त्या कॉलेजच्या फ्रॅटर्निटी-सोरोरिटी कार्यालयाच्या पानावर चालू वर्षाचा नियम वाचा.

फरक मोठा आहे. जानेवारीत भरती म्हणजे पहिलं सत्र अभ्यासाबरोबर ‘दिसण्यात’ जातं. कोणत्या घराच्या पार्टीला जायचं, कुणाच्या ओळखी वाढवायच्या, याची धावपळ सप्टेंबरपासूनच. दुसऱ्या वर्षी भरती असेल तर मूल एक पूर्ण वर्ष स्वतःच्या पायावर मित्र जमवतं, आणि मग ठरवतं. एकुलतं एक, पहिल्यांदाच सातासमुद्रापार जाणारं मूल असेल तर मी दुसरा प्रकार निवडेन.

याच कार्यालयाचा प्रत्येक सत्राचा ग्रेड रिपोर्टही अनेक ठिकाणी मिळतो. त्यात चॅप्टरची (म्हणजे फ्रॅटर्निटीच्या त्या कॉलेजातल्या शाखेची) सरासरी पाहू नका, ती सगळे अभिमानाने दाखवतात. ‘नव्या सदस्यां’ची सरासरी पाहा आणि कॉलेजातल्या सगळ्या मुलग्यांच्या सरासरीशी ताडून पाहा. प्लेजिंगचे आठवडे अभ्यासाला किती महागात पडतात, ते तिथे दिसतं.

टप्पा ५ : शनिवारी रात्री दहा वाजता कुठे जायचं?

हॅनोव्हर (डार्टमथ), हॅमिल्टन (कोलगेट), लेक्सिंग्टन (वॉशिंग्टन अँड ली), ग्रीनकॅसल (डीपॉ) ही लहान गावं आहेत. दुकानं लवकर मिटतात, गाडी नसेल तर पाय हीच गाडी. अशा ठिकाणी ४० टक्के ग्रीक आणि नॅशव्हिल किंवा डॅलससारख्या शहरात ४० टक्के ग्रीक यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. शहरात न जमलं तर मूल सिनेमाला जाईल, कुणा मराठी कुटुंबाकडे जेवायला जाईल. खेड्यात खोलीत बसेल.

राहण्याची व्यवस्थाही बघा. व्हँडरबिल्टमध्ये फ्रॅटर्निटीच्या घरात मोजके पदाधिकारी राहतात. डीपॉसारख्या ठिकाणी सदस्य मोठ्या संख्येने चॅप्टर हाऊसमध्येच राहतात, तिथेच जेवतात. म्हणजे दुसऱ्या वर्षी तुमच्या मुलाच्या होस्टेलमधले मित्र सामान उचलून निघून जातात. शाकाहारी मूल सदस्य झालं तर त्या घरातला स्वयंपाकी त्याला रोज काय वाढणार, हेही विचारून ठेवा. ‘सॅलड असतं’ हे उत्तर नव्हे.

मुलींच्या पालकांसाठी एक यंत्रणा समजून घेणं फार गरजेचं आहे. बहुतेक राष्ट्रीय सोरोरिटींच्या घरात दारूला बंदी असते, त्यामुळे पार्टी होते मुलग्यांच्या घरात. जागा त्यांची, दारू त्यांची, दारावर उभं राहून कुणाला आत घ्यायचं हे ठरवणारेही तेच. पहिल्या वर्षाच्या मुलींना सहज आत घेतात, पहिल्या वर्षाच्या मुलग्यांना "बरोबर मुली किती आहेत?" असं विचारून परत पाठवतात. ही व्यवस्था मुलीला आधीच माहीत असली तर ती मैत्रिणींबरोबर जाईल आणि त्यांच्याबरोबरच परत येईल.

टप्पा ६ : प्रेपीपणा म्हणजे पैसा, तो मोजा

बोट शूज, पेस्टल रंगाच्या अर्ध्या चड्ड्या, थंडीत फ्लीसची बंडी. हे कपडे आउटलेट मॉलमध्येही मिळतात. खरी अडचण कपड्यांची नसते. स्प्रिंग ब्रेकला कॅरिबियनला जायचं ठरतं आणि तुमचं मूल ‘बघतो’ म्हणतं, तिथे सुरू होते.

राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये करनोंदींच्या आधारे अमेरिकन कॉलेजांतल्या कुटुंबांच्या उत्पन्नाचा अभ्यास मांडला. त्यात ३८ कॉलेजं अशी निघाली, जिथे उत्पन्नाच्या वरच्या १ टक्क्यातल्या घरांची मुलं खालच्या ६० टक्क्यांतल्या घरांच्या मुलांपेक्षा जास्त होती. वॉशिंग्टन अँड ली, कोलगेट, बकनेल त्या यादीत आहेत. तुमच्या कॉलेजसाठी सोपा उपाय : सरकारच्या ‘कॉलेज स्कोरकार्ड’ संकेतस्थळावर पेल ग्रँट घेणाऱ्यांचं प्रमाण बघा. ही कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी मदत. आकडा १० ते १५ टक्क्यांच्या घरात असेल तर बाकीच्यांच्या खिशाचा अंदाज येतो.

आणखी एक, जरा आगाऊ वाटेल पण उपयोगी पडणारं काम. तीन-चार चॅप्टरच्या इन्स्टाग्रामवर ‘बिड डे’चे मागच्या चार-पाच वर्षांचे फोटो उघडा. सत्तर हसरे चेहरे, एकसारखे टी-शर्ट. त्यात आपल्या रंगाची मुलं मोजा. एखाद्या घरात दर वर्षी तीन-चार दिसतात, एखाद्यात पाच वर्षांत एकही नाही. माहितीपत्रक हे सांगणार नाही.

टप्पा ७ : शिस्तीची नोंद वाचा

२३ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेत ‘स्टॉप कॅम्पस हेझिंग’ कायद्यावर सही झाली. त्यानुसार कॉलेजांना दोन गोष्टी कराव्या लागतात : वार्षिक सुरक्षा अहवालात हेझिंगच्या घटनांची आकडेवारी देणं, आणि नियम मोडल्याचं सिद्ध झालेल्या संघटनांची नावं, काय घडलं आणि काय शिक्षा झाली हे वेगळ्या पारदर्शकता अहवालात जाहीर करणं. कॉलेजचं नाव आणि ‘हेझिंग ट्रान्स्परन्सी रिपोर्ट’ टाकून शोधा. वाचताना शिक्षेकडे लक्ष द्या. तेच चॅप्टर पुन्हा पुन्हा येतंय आणि दर वेळी ‘ताकीद’ मिळतेय, की खरोखर मान्यता काढून घेतली?

इशारा : हा अहवाल मान्यताप्राप्त संघटनांपुरता. मान्यता गेलेली काही चॅप्टर कॅम्पसबाहेर भाड्याच्या घरात चालूच राहतात आणि त्यांच्यावर कुणाचाच डोळा नसतो. भेटीत विद्यार्थ्यांना विचारा : "बंद झालेली कोणती फ्रॅटर्निटी अजून चालू आहे?" हसले, तर उत्तर मिळालं.

एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांसाठी इथे वेगळी जोखीम आहे. दारूचं कायदेशीर वय २१, म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं बेकायदाच. दारू पिऊन गाडी चालवताना अटक झाली तर दोष सिद्ध होण्याआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो. गांजा एखाद्या राज्यात चालत असला तरी केंद्रीय कायद्यात तो गुन्हाच आहे. गोऱ्या मित्राचा शनिवारचा किस्सा आपल्या मुलासाठी परतीचं तिकीट ठरू शकतो, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा.

टप्पा ८ : भेट द्यायची ती रविवारी सकाळी

पहिल्या खेपेला आम्ही जुलैत गेलो. हिरवळ कापलेली, विटांच्या इमारती धुतल्यासारख्या, उलटं चालत बोलणारी गाइड मुलगी. सौ.ला कॉलेज इतकं आवडलं की तिने पुस्तकांच्या दुकानातून कॉलेजचा मग घेतला. तो मग अजून आहे, मुलगा तिथे गेला नाही.

पुतण्याच्या वेळी शहाणा झालो होतो. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मुक्काम केला आणि रविवारी सकाळी नऊला आम्ही दोघं फ्रॅटर्निटींच्या रस्त्यावरून चालायला निघालो. एका घराच्या हिरवळीवर पावसात भिजलेला सोफा. बुटाला चिकटणारी फूटपाथ आणि शिळ्या बिअरचा आंबूस वास. तीन मुलं काळ्या कचऱ्याच्या पिशव्या घेऊन लाल कप वेचत होती, आणि पोर्चवर खुर्च्या टाकून बसलेले दोघं कॉफी पीत ‘तो राहिला, तिकडे’ म्हणून बोटाने दाखवत होते. पुतण्या हळूच म्हणाला, "काका, कप वेचणाऱ्यांत मी असणार ना?" त्या वाक्याने जे काम केलं ते माझ्या वीस ईमेलनी केलं नव्हतं. (तो गेला त्याच प्रकारच्या दुसऱ्या कॉलेजात, डोळे उघडे ठेवून.)

भेटीचा क्रम असा ठेवा. गुरुवारी किंवा शुक्रवारी वर्ग चालू असताना पोचा. अधिकृत टूर करा, पण गाइडला फ्रॅटर्निटीबद्दल विचारू नका, तिचं उत्तर पाठ असतं. जेवणघरात बसून दोन सदस्य नसलेले विद्यार्थी गाठा, त्यातला एक तिसऱ्या वर्षाचा. त्यांना "इथलं सोशल लाइफ कसं आहे?" असं गुळमुळीत विचारू नका. "मागच्या शनिवारी तू कुठे होतास?" असं विचारा. पालकांनी त्या वेळी लांबच्या टेबलावर बसावं.

भारतातून प्रत्यक्ष जाणं शक्य नसेल तर कॉलेजच्या साउथ एशियन किंवा इंटरनॅशनल स्टुडंट्स क्लबला लिहा आणि तोच प्रश्न व्हिडिओ कॉलवर विचारा.

टप्पा ९ : हिशेब पूर्ण करा

अशा अनेक कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च आता ९० हजार डॉलरच्या आसपास आहे, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. मदत किती मिळेल, याचा अंदाज अमेरिकेतल्या कुटुंबांना कॉलेजच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरवर मिळतो. भारतातून अर्ज करणाऱ्यांनी कॉमन डेटा सेटमधला ‘एच६’ भाग बघावा : परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना मदत मिळाली आणि सरासरी किती.

त्यावर चॅप्टरचा खर्च चढतो. सत्राची वर्गणी, सुरुवातीचं एकरकमी शुल्क, फॉर्मल पार्ट्यांचे कपडे, टी-शर्ट, सहली, गैरहजेरीचा दंड. पहिलं सत्र सगळ्यात महाग असतं. आकडा कॉलेजागणिक, चॅप्टरगणिक बदलतो, म्हणून "नव्या सदस्याला पहिल्या वर्षी एकूण किती लागतात?" हे ग्रीक लाइफ कार्यालयाला ईमेलने विचारा आणि लेखी उत्तर घ्या. आर्थिक मदत देताना कॉलेज ही वर्गणी सहसा धरत नाही. ‘५२९’ या शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातूनही ती भरता येत नाही.

टप्पा १० : आता अर्ज

कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांसाठीचा सामायिक ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला उघडतं. अर्ली डिसिजनची तारीख बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर असते. हा करार बांधून घालणारा आहे. मदत अपुरी पडली तरच त्यातून सुटका. म्हणून टप्पा ३ ते ९ झाल्याशिवाय अर्ली डिसिजन नको. एक जरी टप्पा राहिला असेल तर जानेवारीतल्या दुसऱ्या फेरीत किंवा नियमित फेरीत अर्ज करा. नियमित फेरीत निर्णय कळवायला १ मेपर्यंत वेळ असतो, आणि एप्रिलमध्ये आणखी एक रविवार पाहता येतो.

निबंधात "मला तुमच्या फ्रॅटर्निटीत यायचंय" असं लिहू नका आणि "मी त्यांच्या विरोधात आहे" असंही नको. दोन्ही मी वाचलेत, दोन्ही बदलायला लावलेत.

अर्ज पाठवण्याआधी तपासा : पात्र विद्यार्थ्यांतली टक्केवारी काढली? रशची तारीख माहीत आहे? सदस्य नसलेल्या दोघांशी बोलणं झालं? हेझिंगचा अहवाल वाचला? पहिल्या वर्षाच्या चॅप्टर-खर्चाचा ईमेल आला? आणि बिड मिळाली नाही तर काय, याचं मुलाने स्वतःच्या तोंडाने उत्तर दिलं? शेवटचं ‘हो’ तुमचं असेल तर ते धरू नका, पुन्हा विचारा.

प्रवेश मिळाल्यावर एकच काम उरतं. रशच्या नोंदणीची शेवटची तारीख, तिचं शुल्क आणि कॉलेजच्या ‘मेडिकल ॲम्नेस्टी’चा नियम, म्हणजे दारूमुळे कुणाची शुद्ध हरपली तर ९११ ला फोन करणाऱ्याला कितपत संरक्षण आहे तो, हे तिन्ही एका कागदावर लिहून मुलाच्या खोलीत टेबलासमोर चिकटवा. फोनमध्ये ठेवू नका, अशा रात्री फोनची बॅटरी हमखास संपलेली असते.